उडालेल्या पुंगळीचं माप

बार उडाल्यावर रायफलीतून बाहेर पडणाऱ्या पितळी पुंगळीकडे आपल्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. फार तर गुन्ह्याच्या बातमीत एक ओळ येते, ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’, आणि त्या पंचनाम्यात जमा होतात. पण तीच पुंगळी त्याच मापाच्या दुसऱ्या रायफलीत सारून पाहिली, तर अनेकदा गंमत होते. ती जाता जाता अडते. बोल्ट पुढे सरकतो, पण बंद होत नाही. नवी कोरी असताना ती जगातल्या त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत गेली असती. एका बारानंतर ती एकाच रायफलीची होऊन बसते.

कारण साधं आहे. दारू पेटली की आतला दाब क्षणार्धात अफाट वाढतो. .३०-०६ या प्रसिद्ध अमेरिकी काडतुसासाठी ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. त्या दाबाखाली पितळ फुगतं आणि ज्या पोकळीत ते बसलेलं असतं, त्या चेंबरच्या भिंतींना चिकटून वायूची वाट बंद करतं. दाब ओसरला की ते थोडं मागे येतं, पण पूर्ण येत नाही. कोल्हापुरी वहाण जशी काही महिन्यांत मालकाच्या पायाची होते आणि दुसऱ्याला चावते, तसंच हे, फक्त इथे सेकंदाचा अंश पुरतो.

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्यांची पहिली कामगिरी म्हणून ठरलेली असते: उडालेल्या पुंगळीला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं. या एका कृतीचा इतिहास उलगडत गेलं, की कारखान्याचं माप मोठं की त्या एका बंदुकीचं, हे दीडशे वर्षांचं भांडण समोर येतं.

भांडणाआधी पुंगळीच नव्हती. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून ठासत. मागे काही उरायचं नाही. १८५७ साली ज्या एन्फिल्ड काडतुसांवरून आग भडकली, ती कागदाची होती. दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, उरलेलं ठासायचं. पुंगळी आली ती रायफल मागून भरायला लागल्यावर. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफल घेतली, आणि तिच्यासाठी वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून काडतूस केलं. सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी, खाली बूड, बुडात टोपी. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. तो आजही आहे. २०२१ पासून तो ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये मोडतो, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

बॉक्सर यांचं नाव मात्र त्या गुंडाळीमुळे टिकलं नाही. टिकलं ते टोपीमुळे. टोपीतला स्फोटक पदार्थ पेटायला घोड्याच्या टोकाखाली एक छोटी ऐरण लागते. बॉक्सर यांनी ती टोपीच्या आत बसवली आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक ठेवलं. १८६६ मध्येच अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या नेमबाज पथकांचे कर्नल हायरम बर्डन यांनी उलटा मार्ग घेतला: ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं पाडली. पुढे दैव असं फिरलं, की इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपातल्या सैन्यांनी. खुद्द ब्रिटिशांची .३०३ लष्करी काडतुसंही बहुतेक बर्डन पद्धतीची निघत. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला आणि युरोपात तितका नाही, याची कारणं कायद्यात, संस्कृतीत बरीच सापडतील. पण त्यातलं एक या भोकात आहे. मधोमध एक भोक असेल तर आतून एक सळई घातली की जळकी टोपी टपकन खाली पडते. दोन बाजूंना दोन भोकं असतील तर ती आकड्याने उचकटत बसावी लागते.

पितळच का, याचं उत्तर अमेरिकी सैन्याला महागात पडून मिळालं. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनची काडतुसं आधी तांब्याची होती. तांबं मऊ; ते फुगतं आणि फुगलेलंच राहतं. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या टेकड्यांवर लकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टर या अमेरिकी अधिकाऱ्याची तुकडी कापून काढली, तेव्हा पुंगळ्या चेंबरमध्ये अडकल्या आणि शिपाई सुरीने त्या उकरत बसले, असं पुढे फार सांगितलं गेलं. १९८३ मध्ये तिथलं गवत जळलं आणि दुसऱ्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी जमीन पिंजून काढली. उकरल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या मिळाल्या, पण फारच थोड्या. कस्टर हरला तो तांब्यामुळे नव्हे, हे बरंच स्पष्ट झालं. तरी सैन्य पितळेकडे वळलं ते वळलंच. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त हे मिश्रण मागे येणारं असतं, आणि काडतुसाला नेमकं तेच हवं: फुगून वाट अडवायची आणि काम झालं की अंग चोरून बाहेर यायचं.

त्याच दशकात कॅन्सस आणि टेक्ससच्या माळावर गव्यांसारख्या बायसनांची कत्तल चालू होती, आणि शिकारी रात्री शेकोटीपाशी काडतुसं भरत बसलेले असत. शार्प्स रायफलीची तयार काडतुसं महाग, आणि गावापासून दूर आठवडेच्या आठवडे राहायचं. म्हणून ते डॉज सिटीसारख्या ठिकाणाहून शिशाच्या विटा आणि दारूची पिंपं गाडीत भरून आणत आणि पुंगळ्या जपून ठेवत. काळ्या दारूची काजळी पितळ खाते, म्हणून रिकाम्या पुंगळ्या धुवाव्या लागत. मग नवी टोपी, दारू, वर गोळी. पुंगळी दाबून मापात आणायची गरज त्यांना फारशी नव्हती. रायफल तीच, दाब आजच्या मानाने बेताचा आणि पुंगळ्या बहुतेक सरळसोट. ज्या चेंबरने तिला फुगवलं त्याच चेंबरमध्ये ती परत जात असे.

अमेरिकेतल्या जर्मन वस्त्यांमधल्या शूट्झन नावाच्या नेमबाजी मंडळांनी हीच गोष्ट टोकाला नेली. तिथले पट्टीचे नेमबाज अख्ख्या स्पर्धेत एकच पुंगळी वापरत. बार झाला की ती काढायची, टोपी बदलायची, दारू घालायची, पुन्हा तीच. एका पुंगळीचं आणि एका नळीचं लग्न लागलेलं असे, आणि तिला कशातही दाबलं तर नेम बिघडेल अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या दृष्टीने कारखान्याचं माप म्हणजे बाजारू कपडा.

बाकीच्यांसाठी १८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लो यांनी आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. त्यांचं हत्यार दिसायला मोठ्या पकडीसारखं. दोन दांड्या, मध्ये बिजागरी, टोकाला वेगवेगळे भाग. टोपी काढणं, नवी बसवणं, गोळी पुंगळीच्या तोंडात दाबणं, सगळं मुठीच्या जोरावर. खिशात मावेल असा हा कारखाना कित्येक घरांत गेला. १९२५ मध्ये लायमन कंपनीने आयडियल विकत घेतली, आणि त्या पकडीचे वंशज पुढे कैक दशकं विकले गेले. तिची मर्यादाही तिच्या दांड्यांइतकीच होती. मुठीच्या जोराने पुंगळीची फार तर मान दाबता येते. पूर्ण अंग दाबायला मनगट पुरत नाही.

बिनधुराची दारू आल्यावर ही मर्यादा बोचू लागली. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये पॉल विएल यांनी ती केली आणि काही वर्षांतच सगळ्या सैन्यांनी काळ्या दारूला रामराम ठोकला. दाब दुप्पट-तिप्पट झाला, काडतुसं बाटलीसारखी झाली: रुंद अंग, उतरता खांदा, बारीक मान. आता पितळ खऱ्या अर्थाने ताणलं जाऊ लागलं. त्यातच सुरुवातीच्या टोप्यांमधला पारा पितळेत मुरून ते ठिसूळ करी. ज्यांनी काळ्या दारूच्या सवयीने पुंगळ्या जपून ठेवल्या, त्यांच्या हातात दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच तडे गेलेल्या नळ्या उरल्या.

मापाचं भांडण किती महाग पडू शकतं, हे पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याने पाहिलं. त्यांची रॉस रायफल ही सर चार्ल्स रॉस यांची निर्मिती, आणि सॅम ह्यूज हे मंत्री तिचे कट्टर पाठीराखे. बोल्ट फिरवायचा नाही, फक्त मागे-पुढे ओढायचा. चेंबर घट्ट, नेम अचूक. कॅनडात बनलेली काडतुसं तिला छान बसत. पण एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत शिपायांच्या हाती ब्रिटिश कारखान्यांची काडतुसं पडली, जी एका केसाने जाड होती. त्यात चिखल, आणि बोल्टच्या डोक्याचं पोलादही नरम. पाच-दहा बारांनंतर बोल्ट हलेना. माणसं बुटाच्या टाचेने, खंदक खणायच्या फावड्याने बोल्ट ठोकू लागली, समोरून जर्मन येत असताना. हजाराहून जास्त कॅनेडियन शिपायांनी मेलेल्या ब्रिटिश सोबत्यांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या आणि रॉस टाकून दिली. १९१६ मध्ये ती आघाडीवरून मागे घेण्यात आली, तरी दुर्बीण लावून एकेका बाराने लढणाऱ्यांनी तिला सोडलं नाही. एक-एक काडतूस पारखून घेणाऱ्या माणसाला घट्ट चेंबरसारखं सुख नाही.

ली-एन्फिल्डचं चेंबर नेमकं उलट, ढगळ. चिखल माखलेलं, चेपलेलं, कुठल्याही कारखान्याचं .३०३ काडतूस तिच्यात जाई आणि बाहेरही येई. हीच भारतीय सैन्याची, पुढे आपल्या पोलिसांची रायफल. तिची काडतुसं खडकीत बनत. लढाईत ढगळपणा गुण होता. पुंगळी परत वापरू पाहणाऱ्याला मात्र तो भोवतो. ढगळ चेंबरमध्ये पितळ फार फुगतं. ते साच्यात पूर्ण दाबलं की आवळतं. पुढच्या बाराला पुन्हा फुगतं. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की जशी तुटते, तशीच पुंगळीही बुडाच्या जरा वर तुटते. म्हणून .३०३ वाले फक्त मान दाबतात आणि अंगाला हात लावत नाहीत.

पितळ दाबलं, ठोकलं, ताणलं की कडक होतं, ही गोष्ट सांगायला कुणी अमेरिकन लागत नाही. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत ती कानावर पडतेच. मठारताना तांबं जसजसं ठोके खातं तसतसं ताठ होत जातं. मग भट्टीत घालून नरम करायचं आणि पुन्हा ठोकायचं. या धड्याचा सगळ्यात विचित्र प्रसंग घडला तो हिंदुस्थानातच. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा ब्रिटिश फौजांची काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पाऊस सरला आणि खोकी उघडली की कित्येक पुंगळ्यांना, विशेषतः गोळी आवळून बसवलेल्या मानेपाशी, उभे तडे. बार न उडवता. दमट हवेला दोष देऊन झाला. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून-दाबून बनवताना त्यात अडकून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ आपोआप उकलतं. उपाय तांबटाचाच, तापवून ताण उतरवायचा. आजही लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते, ती या उष्णतेची. घरी भरणारेही चार-पाच बारांनंतर पुंगळीची मान ज्योतीवर फिरवून नरम करतात. बूड मात्र पाण्यात किंवा बोटांच्या चिमटीत थंड ठेवतात, कारण बूड नरम झालं तर सगळा दाब माणसाच्या तोंडावर येऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धाने हा छंद जवळपास मारला आणि मग त्याला नवा जन्म दिला. तांबं सगळं लढाईला. १९४३ मध्ये अमेरिकेने सेंटचं नाणं चक्क पोलादाचं पाडलं. १९४४ पासूनची सेंटं उडालेल्या पुंगळ्या वितळवून केल्याचं जाहीर झालं आणि ‘शेल केस’ नाणी म्हणूनच ती ओळखली जातात. बाजारात रायफलीच्या गोळ्या मिळेनात. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावात कपडे धुण्याचा कौटुंबिक धंदा असलेले फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये एक साचा केला: .२२ च्या चिमुकल्या रिकाम्या पुंगळ्या घ्यायच्या, त्यांची कडा सपाट करायची, आत शिसं घालून दाबायचं, की झाली तांबूस अंगरखा घातलेली गोळी. ती मारायची रॉक चकवर, म्हणजे डोंगराळ भागातल्या घुशीसारख्या गुबगुबीत मार्मोटवर. म्हणून साच्याचं नाव रॉक चक बुलेट स्वेज, आणि त्याच्या आद्याक्षरांची झाली आरसीबीएस कंपनी. आयडाहोत व्हर्नन स्पीअर हेही तेव्हा हाच उद्योग करत होते. टाकून दिलेल्या पुंगळीपासून गोळी, असा हा जुगाड.

युद्ध संपलं आणि उलटी टंचाई झाली, म्हणजे मालाचा पूर. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून सरकारकडची ५०,००० पौंड शिल्लक रायफल-दारू घेतली. ठेवायला जागा नाही, म्हणून भाड्याच्या कुरणात रेल्वेचा जुना मालडबा आणून त्यात रचली आणि छोट्या जाहिराती देऊन विकली. गडी परत आलेले, रायफली परिचयाच्या, सरकारी पितळ स्वस्त आणि दारू पिंपाने. उणीव होती ती फक्त पूर्ण अंग दाबणाऱ्या ताकदीची, आणि ती हंटिंग्टनसारख्यांच्या टेबलावर बोल्टने आवळलेल्या प्रेसने भरून काढली. लांब दांडा, खाली जोडकाम, दांडा खाली येतो तसा दट्ट्या वर सरकतो. हाताचा जोर कित्येक पटीने वाढतो, आणि आता .३०-०६ ची पुंगळी मानेपासून बुडापर्यंत साच्यात जाते.

ही कृती जवळून पाहण्यासारखी आहे. पुंगळी आधी पुसायची, मग बोटाच्या टोकावर किंचित वंगण घेऊन अंगावर फिरवायचं. जुन्या लोकांना मेंढीच्या लोकरीतला मेद, लॅनोलिन, आवडतो. वंगण कमी झालं, तर पुंगळी साच्यात अशी रुतते की दांडा उलटा ओढला की बुडाची कडाच उपटून हातात येते आणि साचा घेऊन लेथकडे जावं लागतं. जास्त झालं, तर तेल दबायला जागा न मिळाल्याने खांद्यावर खळगा पडतो. नेमकं झालं, तर दांडा मधाच्या बरणीतून चमचा फिरवल्यासारखा जातो, वरची सळई जळकी टोपी ‘टक’ करून खाली पाडते आणि दांडा वर येताना मानेतून एक गोल मणी घासत जातो, मान आतून गोल करत. या एका खालीवरीत पुंगळी पुन्हा कुणाच्याही रायफलीची होते.

प्रेस परवडत नसेल त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी वेगळी वाट काढली. १९५८ मध्ये घरच्या कार्यशाळेत सुरू केलेल्या त्यांच्या धंद्याने पुढे रायफलीसाठी एक छोटं संच-खोकं आणलं: एक नळीसारखा साचा, एक सळई, दारूचा चमचा आणि सोबत तुमचा हातोडा. लाकडावर ठेवून पुंगळी साच्यात ठोकायची. दाबली जाते फक्त मान. दहा डॉलरच्या आत मिळणाऱ्या या डबीने बऱ्याच तरुणांना या नादाला लावलं, आणि मान की पूर्ण अंग हा वादही पोराटोरांपर्यंत पोचवला.

तो वाद अजून मिटलेला नाही. मानवाल्यांचं म्हणणं शूट्झनवाल्यांचंच: पुंगळी आपल्या नळीला बसली आहे, तिला का छळता, पितळही जास्त टिकतं. पूर्णवाल्यांचं उत्तर असं, की तीन-चार बारांनंतर खांदाही पुढे येतो आणि शिकारीत, थंडीत, घाईत बोल्ट बंद होत नाही. अलीकडे स्पर्धेतले बहुतेक जण मधली वाट घेतात: पूर्ण साच्यात घालायचं, पण खांदा इंचाचे दोन हजारावे भाग, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, मागे जाईल इतकंच. त्यासाठी साचा एक-दोन अंश फिरवत, मोजत बसतात. वैतागवाणं काम, पण ज्याला आवडतं त्याला बार उडवण्यापेक्षा जास्त आवडतं.

आपल्याकडे हे टेबल रुजलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि फायरिंग रेंजवर उडालेल्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक कमी भरली तर गवतात शोधत बसलेले छात्र ज्यांनी एनसीसी केली त्यांना आठवत असतील. या मोजणीमागे जुनी भीती आहे. सरहद्दीपलीकडच्या दर्रा आदम खेलमध्ये ब्रिटिशांच्या रायफलींच्या नकला करणारे कारागीर उडालेली पितळंही पुन्हा भरत आले, आणि फौजेच्या दृष्टीने मागे राहिलेली प्रत्येक पुंगळी परत येऊ शकणारी गोळी होती.

अमेरिकी गॅरेजमध्ये पुंगळी शेवटपर्यंत वापरली जाते. काही पाच-सहा बारांत थकतात, काही वीस पार करतात. शेवट ओळखायला कागदाची पिन सरळ करून तिचं टोक वाकवायचं आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर ओढायचं. बुडाच्या जरा वर टोक कुठेतरी खळग्यात अडल्यासारखं झालं, किंवा बाहेरून तिथे एक चकचकीत गोल रेघ दिसली, की पितळ तिथे पातळ झालं. मग पकडीत धरून तोंड चेपायचं, म्हणजे चुकूनही ती परत भरणाऱ्यांच्या ढिगात जाणार नाही, आणि टेबलाखालच्या डब्यात टाकायची. डबा भरला की भंगारवाला पितळ म्हणून वजनावर नेतो.